मासिक घरी येते. पण वाचले जाते का?



आज आपण घरी येणाऱ्या मासिकांविषयी बोलणार आहोत. मासिक म्हटले म्हणजे त्यात साप्ताहिके, पाक्षिके आणि दिवाळी अंकही आलेच. आपण वर्गणी भरतो आणि ठरल्या वेळी अंक घरी येतो. इथवर सारे ठीक आहे. पुढचा प्रश्न मात्र जरा अवघड आहे. तो अंक आपण वाचतो का?

रेडिओपुढे बसल्या बसल्या मनातल्या मनात उत्तर द्या. कोणी ऐकत नाही. मागच्या महिन्याच्या अंकात कोणकोणते लेख होते, हे अंक हाती न घेता सांगता येईल का? एखाद्या लेखकाशी तुमचे मनातून भांडण झाले का? एखादा मजकूर वाचून तुम्ही घरातल्या कोणाला हाक मारून म्हणालात का, "अगं, हे ऐक जरा"? तसे झाले असेल तर तुम्ही वाचक आहात. झाले नसेल तर तुम्ही वर्गणीदार आहात. वर्गणीदार आणि वाचक ही दोन माणसे वेगळी असतात. कधी ती एकाच अंगरख्यात सापडतात, कधी नाही.

मी हिंजवडीत राहतो. मुळशी तालुक्यातले हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इथे संगणकाच्या कंपन्या आल्या, उंच इमारती उठल्या, रस्ते वाहनांनी भरून गेले. तरी चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड निघते आणि वाकडच्या वाटेला लागते. म्हणजे इथे एकाच गावात दोन गावे नांदतात. दोन्ही गावांतली घरे मी जाता-येता पाहत असतो. जुन्या घरात ओसरीच्या कोनाड्यात शेतीचे एखादे मासिक असते. त्याच्या पाठीवर दुधाचा किंवा मजुरीचा हिशेब लिहिलेला असतो. नव्या इमारतीत खाली पहारेकऱ्याच्या टेबलावर अंकांची चळत पडलेली असते. प्रत्येक अंकावर सदनिकेचा क्रमांक असतो, नाव असते. नाव असते, पण नाववाला नसतो! महिना उलटतो, दुसरा अंक पहिल्यावर येऊन बसतो. वेष्टन मात्र जसेच्या तसे. शेवटी रद्दीवाला येतो आणि त्या लेखांचा निकाल किलोच्या भावाने लागतो.

तुम्ही म्हणाल, हा शहरी लोकांचा दोष. तसे नाही हो. शाळेत, ग्रामपंचायतीत, सोसायटीच्या कार्यालयातही कपाट उघडून पाहा. अंक तारखेवार लावलेले, वर दोरीने बांधलेले. नोंदवहीत पोच आहे, बिलाची पावती आहे, शिक्का आहे. पानांच्या कडा मात्र कोऱ्या करकरीत. कोणाच्या बोटाचा डाग नाही. पुस्तकाला डाग पडू नये असे आपण मुलांना सांगतो ते बरोबरच; पण मासिकाला चार बोटांचे डाग पडलेच नाहीत, तर ती स्वच्छता काय कामाची?

मग आपण वर्गणी तरी का भरतो? याची कारणे पाहिली की थोडे हसू येते आणि थोडे वाईटही वाटते. पहिले कारण भिडेचे. ओळखीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दारात येतो. त्याला नाही म्हणवत नाही. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. पाहुण्यांच्या दृष्टीस चांगले मासिक पडले की घरातली माणसे सुशिक्षित ठरतात. तिसरे कारण श्रद्धेचे. वडील हे साप्ताहिक घेत असत, म्हणून वडिलांच्या मागे आपणही चालू ठेवले. देव्हाऱ्यातला दिवा चालू ठेवतात तसे. चौथे कारण नियमाचे. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. मान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आणि वर्ग ठरवताना नियतकालिकांची संख्याही मोजली जाते. किती नियतकालिके घेतली हे तपासणीत कळते. किती जणांनी ती मन लावून वाचली, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

पाचवे कारण मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ते आशेचे कारण आहे. वर्गणी भरताना माणूस मनाशी म्हणतो, "या वर्षी मी वाचणार." तेव्हा तो नुसते मासिक विकत घेत नाही, सवड असलेला, शांत बसणारा, विचार करणारा असा एक माणूस तो विकत घेऊ पाहतो, आणि तो माणूस म्हणजे आपणच व्हावे अशी त्याची इच्छा असते. पैसे पोचतात, अंक येतो. तो माणूस तेवढा येत नाही.

यात आजीव वर्गणीचा एक निराळाच प्रकार आहे. एकदा मोठी रक्कम भरायची आणि जन्मभर अंक घ्यायचा. घेणाऱ्याला हा सौदा किफायतीचा वाटतो. पण मासिक चालवणाऱ्याच्या बाजूने पाहा. ती रक्कम ठेव म्हणून जपली नाही, तर कागदाच्या आणि छपाईच्या बिलांत ती दोन-तीन वर्षांत संपते. कागद महागतो, टपालखर्च वाढतो, अंक मात्र पाठवावाच लागतो. घेणाऱ्याचीही गंमत होते. दरसाल वर्गणी भरताना निदान एकदा तरी प्रश्न पडतो की, हे मासिक आपल्याला हवे का? आजीव वर्गणीदाराला तो प्रश्न पुन्हा पडतच नाही. अंक येत राहतो, तो घेत राहतो, आणि दोघांची भेट होत नाही.

आता कोणी असेही विचारील की, "मास्तर, आम्ही पैसे भरले, मासिकाचे काम भागले. मग वाचले काय आणि न वाचले काय?" प्रश्न रोखठोक आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आपल्याच भाषेतल्या नियतकालिकांचा इतिहास थोडा चाळला पाहिजे.

बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. अर्धा मजकूर मराठीत, अर्धा इंग्रजीत. त्याला सुमारे तीनशे वर्गणीदार होते, असे सांगतात. तीनशे! आज एका इमारतीत त्याहून अधिक माणसे राहतात. तरी ते पत्र आठ वर्षे चालले. ते १८४० मध्ये बंद झाले आणि त्याच वर्षी बाळशास्त्र्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. पुढे १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. ते सरकारी शाळेत शिक्षक होते, ही गोष्ट माझ्या शिक्षक श्रोत्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. मालेचे चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि जवळजवळ सारा मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. मालेतली मते तेव्हाही सर्वांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण पटली नाहीत हे कळायला आधी ती वाचावी लागली. महाराष्ट्रात पुढे जे वाद रंगले, त्यांचे बळ अशा वाचणाऱ्या आणि उलटून बोलणाऱ्या माणसांतून आले.

खेड्यातल्या श्रोत्यांना याहून जवळची वाटेल अशी एक हकीकत आहे. भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या पहिल्या दिवशी पुण्यात 'दीनबंधु' पत्र काढले. शेतकरी आणि कष्टकरी यांची बाजू मांडणारे ते पत्र. पैशाअभावी ते अडखळले, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये मुंबईत ते पुन्हा उभे केले. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील हे पुढे दत्तक गेले. त्यांनी १९१० साली 'दीनमित्र' नावाचे सत्यशोधक विचारांचे साप्ताहिक सुरू केले. आणि ते निघत होते कोठून? पुण्यामुंबईहून नव्हे, तर खेड्यातून. त्याचे बरेचसे आयुष्य नेवासे तालुक्यातल्या तरवडी या गावात गेले. ते १९६७ पर्यंत चालले. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ एका खेड्यातून साप्ताहिक निघत राहिले! विचार करा, त्या काळी गावात लिहिता-वाचता येणारी माणसे ती किती असतील. पण आपल्याकडे एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, अशी जुनी चाल आहे. श्रावणात पोथी लागते तेव्हा पोथी एक असते, वाचणारा एक असतो, ऐकणारी ओसरी भरलेली असते. वर्तमानपत्रेही पारावर आणि चावडीत अशीच मोठ्याने वाचली जात. तेव्हा वर्गणीदार एक असला तरी वाचक वीस असत. आज आपल्याकडे उलटे झाले आहे. घरात चार माणसे शिकलेली, अंक एक, आणि वाचक शून्य.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. जगातल्या मोठ्या विद्यापीठांतून शिकून आलेला हा माणूस आपल्या पत्राचे रकानेच्या रकाने स्वतः लिहून भरत असे, कारण मदतनीस ठेवायला पैसे नव्हते. वर्गणीची चणचण त्यांनी वाचकांपुढे उघडपणे मांडली. ज्या लोकांसाठी पत्र होते त्यांच्या गाठीला पैसा नव्हता. ते पत्र १९२९ साली थांबले. इथे वाचण्याची भूक होती, भरायला वर्गणी नव्हती. आज आपल्यापैकी पुष्कळांजवळ वर्गणी आहे, भूक नाही. या दोहोंपैकी कोणते दारिद्र्य मोठे, ते तुम्हीच ठरवा.

मासिक खरोखर वाचले जाते ते केव्हा? वाचणाऱ्याचे त्यात काही गुंतलेले असते तेव्हा. किर्लोस्करवाडीचे उदाहरण घ्या. लोखंडी नांगर तयार करणारा हा कारखाना. शेतकऱ्यांना, गिऱ्हाइकांना आणि एजंटांना कारखान्याची माहिती कळावी म्हणून १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. शंकरराव किर्लोस्कर तिचे संपादक. नांगराची खबर देता देता तिने घराची, आरोग्याची, उद्योगाची, रूढींची चर्चा सुरू केली. वाचणारा म्हणू लागला, हे माझ्याविषयीच चालले आहे. १९२९ साली तिचे नाव नुसते 'किर्लोस्कर' झाले, १९३० मध्ये 'स्त्री' हे मासिक तिच्या जोडीला आले, आणि काही वर्षांनी 'मनोहर'. बाईमाणसाच्या नावावर टपालाने मासिक यावे, ही गोष्टच त्या काळी अनेक घरांत नवी होती.

उलट 'सत्यकथा' मासिक पाहा. मराठी कथा-कवितेचे ते मानाचे पान. १९६० नंतरच्या तरुण लेखकांना त्याची निवड पटेना. राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी तर त्याचा अंक जाहीरपणे जाळला. अंक जाळणे चांगले, असे मी म्हणत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. अंक जाळण्याइतका राग यायला तो आधी अक्षर न् अक्षर वाचावा लागतो. त्या रागातही मासिकाचा मान होता. ते १९८२ साली बंद पडले. मासिकाला शिव्या सोसतात, उधारीही काही काळ सोसते; वेष्टनात तसेच पडून राहणे सोसत नाही. कारण संपादकाला पत्र येत नाही, चूक कोणी दाखवत नाही, नव्या लेखकाला कोणी ओळखत नाही. हळूहळू संपादकही लिहितो खरे, पण कोणासाठी हे त्याला कळेनासे होते. मजकूर शिळा होतो. मग आपण म्हणतो, "आता मासिकात पूर्वीसारखे काही राहिले नाही!"

तेव्हा मघाच्या प्रश्नाचे उत्तर असे. वर्गणीने मासिकाचा श्वास चालतो. त्याला शहाणपण येते ते वाचकामुळे. म्हातोबाच्या बगाडाला दोर लागतात तसे ओढणारे हातही लागतात. नुसती दोराची वर्गणी देऊन बगाड जागचे हलत नाही.

आता वेळेची तक्रार. "वाचायला सवड कुठे आहे?" हे वाक्य हिंजवडीच्या रस्त्यावर रोज ऐकू येते. वाहनांच्या रांगेत तास तास बसलेली माणसे हातातल्या मोबाइलवर सतत काहीतरी वाचत असतात. म्हणजे डोळे वाचतात, अंगठा सरकतो; थांबणे तेवढे होत नाही. मोबाइलचा मी वैरी नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झाले. त्याचे जुने अंक आज मोबाइलवर फुकट वाचता येतात, ही केवढी सोय आहे! पण एक भेद आहे. मोबाइल आपल्याला आवडेल तेच पुन्हा पुन्हा पुढे ठेवतो. मासिक न विचारलेलेही ताटात वाढते. कविता वाचायला अंक उघडावा आणि जमिनीच्या क्षारांवरचा लेख वाचून उठावे, हे मासिकातच घडते.

मग करावे काय? या बाबतीत आपल्याच आकाशवाणीचा एक जुना प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला. मराठी बोलणाऱ्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. गावातली बारा ते वीस माणसे आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. एकूण वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते. काही गावांत दोन्ही नव्हते. या सर्वांची तुलना केली, तेव्हा असे दिसले की, जिथे ऐकून चर्चा झाली तिथे माणसांच्या माहितीत चांगली भर पडली; जिथे रेडिओ नुसताच होता तिथे फारच थोडी.

या निष्कर्षाचा अर्थ फार सरळ आहे. यंत्र घरी आणल्याने ज्ञान घरी येत नाही. चार माणसे एकत्र बसून बोलली, म्हणजे ते येते. रेडिओचे जे खरे, तेच मासिकाचे.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. शाळेत येणारा अंक कपाटात ठेवण्यापूर्वी एक आठवडा वर्गात फिरू द्या. शनिवारी एखाद्या मुलाला त्यातला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगा आणि बाकीच्यांना एकच प्रश्न विचारा : "हे तुम्हाला पटले का?" पटले नाही असे म्हणणाऱ्या मुलाला आधी बोलू द्या. आणि महिन्यातून एकदा वर्गाच्या वतीने संपादकांना पत्र लिहा. आपले पत्र छापून आलेले पाहिले, की पुढचा अंक कधी येतो याची ते पोर वाट पाहू लागते. ही वाट पाहणेच वाचनाची खरी सुरुवात आहे. पान फाटेल म्हणून भिऊ नका. वाचून फाटलेला अंक हा शाळेचा तोटा नव्हे.

गावातल्या मंडळींना दुसरी सूचना. पाच घरांनी पाच निरनिराळी मासिके घ्यावी आणि आठवड्या-आठवड्याने अंक बदलावे. दिवाळी अंकांच्या बाबतीत अनेक वाचनालये हीच पद्धत ठेवतात; थोडी फी भरून एकामागून एक अंक वाचायला मिळतात. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पाडली. शंभर वर्षांहून जुनी ही प्रथा अजून टिकली आहे. एक अंक चार घरी फिरतो, हेही तिच्या टिकण्याचे एक कारण आहे, असे मला वाटते.

आणि घरच्यासाठी तीन साध्या गोष्टी. अंक आला त्याच दिवशी वेष्टन फोडायचे. उद्यावर टाकलेले वेष्टन वर्षभर फुटत नाही. अनुक्रमणिका पाहून एकच लेख निवडायचा आणि तो पुरा करायचा. सबंध अंक वाचायचा धाक मनाला घालायचा नाही. मग रात्री जेवताना त्यातली एक गोष्ट घरच्यांना सांगायची. आजीला दिसत नसेल तर तिला वाचून दाखवायची. तिच्याजवळ त्या विषयावर लेखकापेक्षा जास्त सांगण्यासारखे निघेल, हा माझा अनुभव आहे.

एवढे करूनही एखादे मासिक वर्षभर वाचले गेलेच नाही, तर? तर पुढल्या वर्षी ते बंद करा. भीड धरू नका. पण तेच पैसे जवळच्या शाळेच्या नावे भरा, जिथे ते वाचले जाईल. मासिकाचा वर्गणीदार कमी होणार नाही, आणि त्याला एक वाचक वाढून मिळेल. सहा मासिके न वाचता घेण्यापेक्षा एक वाचून घ्यावे. त्याला वर्षातून एक तरी पत्र पाठवावे. आवडले ते आवडले म्हणून लिहावे, खटकले ते खटकले म्हणून लिहावे.

ही भाषणे पुस्तिकेतही छापली जातात. ती पुस्तिकाही कोणाच्या तरी कपाटात जाणार आहे. ज्याच्या हाती ती पडेल त्याने हे पान शेजारच्याला वाचून दाखवावे, आणि माझे म्हणणे पटले नाही तर त्याच्याशी खुशाल वाद घालावा. माझी काही तक्रार राहणार नाही.